पणजोबांचं होमस्टेड शोधताना: अमेरिकेतल्या जुन्या जमिनीचा माग

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत आता तिथलेच सुना-जावई आहेत. मग एखाद्या नातवंडाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात. आपल्या बाजूचं गाव, भावकी, सातबारा सगळं दोन फोनमध्ये मिळतं. व्याह्यांची बाजू मात्र ‘पणजोबांचं नेब्रास्कात कुठेतरी शेत होतं’ एवढ्यावरच अडते. गंमत म्हणजे हे ‘कुठेतरी’ पुष्कळदा एका संध्याकाळीत सापडतं.

२० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अर्जदाराला सरकारी जमिनीतून १६० एकरांपर्यंत तुकडा मिळे. पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली की ती त्याच्या नावावर होई. त्या मालकीपत्राला ‘पेटंट’ म्हणतात. नवीन यंत्राच्या पेटंटशी त्याचा संबंध नाही. टेक्सास आणि मूळच्या तेरा वसाहतींत हा कायदा लागूच नव्हता, तेव्हा राज्य आधी तपासा.

पहिलं काम माणूस पक्का करण्याचं. जनगणनेतून त्याचं नाव, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि साधारण वर्षं काढा. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळपास सगळी गेली, म्हणून १८८० आणि १९०० अशा दोन टोकांनी पकडावं लागतं. नेब्रास्कासाठी मधली १८८५ ची गणना आहे, ती फार कामाची. जर्मन, चेक, स्वीडिश आडनावं कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिली आहेत, त्यामुळे एका स्पेलिंगवर अडून बसू नका.

आता ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनींच्या अमेरिकी खात्याच्या ‘जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स’ या संकेतस्थळावर राज्य, काउंटी आणि आडनाव टाका. पेटंटची प्रत फुकट दिसते. त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक, लँड ऑफिसचं नाव आणि जमिनीचं वर्णन जसंच्या तसं उतरवून घ्या.

त्या वर्णनापाशीच बहुतेक जण गांगरतात. पहिल्या होमस्टेडरांत गणल्या जाणाऱ्या डॅनियल फ्रीमनचं, म्हणजे प्रमाणपत्र क्रमांक १ चं, उदाहरण घेऊ. त्याची जमीन अशी: वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा भाग, वायव्य चौथाईची ईशान्य चौथाई आणि ईशान्य चौथाईची नैऋत्य चौथाई, सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व. हे मागून पुढे वाचायचं. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन; ‘४ उत्तर, रेंज ५ पूर्व’ म्हणजे मोजणीच्या मूळ रेषांपासून उत्तरेला चौथा, पूर्वेला पाचवा. एका चौकोनात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे निघतात आणि नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळतात तसे दर ओळीला उलट फिरतात. म्हणून २६ नंबर पाचव्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. सेक्शनची चौथाई १६० एकर, तिची चौथाई ४०. फ्रीमनची बेरीज करा: ८०, ४० आणि ४०. ईशान्य-नैऋत्य आपल्याला वास्तुवाल्यांनी आधीच पाठ करून ठेवलंय, त्याचा इथे खरा उपयोग होतो.

पेटंट हातात आलं की लोक थांबतात. माझ्या मते खरा ऐवज पुढे आहे, तो म्हणजे नॅशनल आर्काइव्हज या वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्यातली ‘लँड एंट्री केस फाइल’. ८४ क्रमांकाचा फॉर्म भरून, फी देऊन ती मागवता येते. नेब्रास्काच्या फायली तर स्कॅन झाल्या आहेत. जमीन कसल्याचा पुरावा म्हणून साक्षीदारांनी दिलेले जबाब त्यात असतात, एखाद्या पंचनाम्यासारखे. फ्रीमनच्या फायलीत १४ बाय २० फुटांचं, थोडं ओंडक्यांचं नि थोडं फळ्यांचं घर आहे. दोन दारं, दोन खिडक्या, सुमारे ३५ एकर नांगरट, १०० फूट लांब मेंढवाडा, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं. परदेशातून आलेल्यांच्या फायलीत नागरिकत्वाचे कागदही सापडतात, आणि त्यावरून मूळ देशाचा धागा मिळतो. (इथे पाटील-देशपांडे सापडण्याची आशा मात्र फार धरू नका. अर्जाला नागरिकत्व किंवा त्यासाठीचं इरादापत्र लागे, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ते दार बंद केलं. ते १९४६ मध्ये उघडलं.)

नाव मिळालंच नाही तर? जवळपास ४० लाख दावे झाले, पेटंटं निघाली सुमारे १६ लाख. दुष्काळ, टोळ, कर्ज, आजारपण, काहीही झालं असेल. सोडून दिलेल्या दाव्याचं पेटंट नसतं, फाइल मात्र असू शकते. ती शोधायला ‘ट्रॅक्ट बुक्स’, म्हणजे तुकड्यावार दाव्यांच्या नोंदवह्या, पाहा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्या चाळता येतात. काहींनी पाच वर्षं न थांबता एकरी सव्वा डॉलर भरून जमीन सोडवली, त्यांची नोंद रोखीच्या खरेदीत जाते. पश्चिम नेब्रास्कात १९०४ नंतर ६४० एकरही मिळत, म्हणून मोठा आकडा पाहून दचकू नका.

पेटंटनंतरचे व्यवहार वॉशिंग्टनमध्ये मिळत नाहीत. त्यासाठी काउंटीचं ‘रजिस्टर ऑफ डीड्स’ कार्यालय गाठा: विकणाऱ्याची सूची, घेणाऱ्याची सूची, गहाणखतं. वारसाने गेलेली जमीन तिथे दिसली नाही तर काउंटी कोर्टातले वारशाचे कागद बघा. पेटंटच्या आधीचंही एक पान असतं: फ्रीमनच्या भागातली जमीन ओटो-मिझुरिया या मूळनिवासी लोकांची होती, १८५४ च्या तहाने ती सरकारकडे गेली. आपल्या तुकड्याचा तह कोणता, तेही टिपून ठेवा.

प्रत्यक्ष जायचं ठरलं तर रस्ते सोपे आहेत, पुष्कळ ठिकाणी ते सेक्शनच्या हद्दीवरूनच मैला-मैलावर जातात. फक्त आजच्या मालकाला आधी विचारा, उभ्या मक्यात शिरू नका.