यवतेश्वरचा घाट डोळ्यांसमोर ठेवून फॅट टायर ई-सायकल बांधताना

साताऱ्यात बांधलेली ई-सायकल कधी ना कधी यवतेश्वरच्या घाटातून कास पठाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागणारच. म्हणून सुट्या भागांची यादी करण्याआधी घाटाचं गणित मांडा, बरेचसे वाद तिथेच मिटतात.

शहर साधारण ७०० मीटर उंचीवर, कास पठार १,२०० च्या आसपास. स्वार ७५ किलो, सायकल मोटर-बॅटरीसकट ३० आणि पाणी-हत्यारं ५, असे ११० किलो ५०० मीटर वर न्यायला निव्वळ १५० वॅट-अवर (ऊर्जेचं माप, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर) लागतात. मोटर आणि तिला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये पाव हिस्सा उष्णतेत जातो, म्हणजे बॅटरीतून २०० निघतात. सुमारे पंचवीस किलोमीटर जाड टायर लोळवायला आणखी दीडशेच्या घरात. पॅडल अजिबात न मारता एका बाजूचे झाले ३५०. बॅटरी शंभर टक्के पिळायची नसते, ऐंशी टक्के वापरली की थांबायचं. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरमधून २८८ वॅट-अवरच हाती येतात, ती वाटेत दम टाकेल. १५ अँपिअर-अवरची ५४० मधले ४३० देते. ती घ्या.

आता ताकद. ८ टक्के चढावर ताशी १० किमीने जायला चाकावर जवळपास २८० वॅट लागतात. २५० वॅटची मोटर एकटी हे फार वेळ ओढणार नाही, उरलेले तुमच्या पायांनी द्यायचे. मग हजार वॅटची का लावू नये? केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३० मिनिटांची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, एवढ्या हद्दीतली सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. पुढे रिफ्लेक्टर पांढरा, मागे लाल आणि ब्रेक ठीक हवेत. हद्द ओलांडली की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं मागे लागतं. शिवाय सायकलचा फ्रेम तेवढ्या जोरासाठी बनवलेलाच नसतो.

मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी हब मोटर मागवण्याआधी व्हर्निअर घेऊन बसा. मागचं चाक काढा आणि दोन ड्रॉपआउटच्या (फ्रेममधल्या, चाकाचा आस म्हणजे एक्सल बसतो त्या खाचांच्या) आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. साध्या सायकलला ते १३५ मिलिमीटर असतं, फॅट सायकलला १७० ते १९७ मध्ये काहीही निघतं. साध्या सायकलचं किट इथेच बाद होतं. १७५ ची मोटर १९० च्या फ्रेममध्ये बसवायची तर दोन्ही बाजूंना साडेसात मिलिमीटरचे स्पेसर (फट भरणाऱ्या चकत्या) चालतात, पण नटाचे सगळे आटे एक्सलवर बसले पाहिजेत. अॅल्युमिनियमचा फ्रेम दाबून किंवा फाकवून बसवू नका. तडा त्या दिवशी दिसत नाही, पुढे दिसतो.

दुसरं माप चाकाचं. टायरवर २६ × ४ लिहिलेलं असलं तरी हवा भरल्यावर बाहेरचा व्यास २९ इंचाच्या आसपास जातो. एका फेऱ्यात सायकल साधारण २.३ मीटर पुढे जाते. याचे दोन परिणाम होतात. पहिला, मोटर कमी आरपीएमची, म्हणजे मिनिटाला कमी फेरे घेणारी हवी. ३६ व्होल्टला सुमारे २०० आरपीएमची गिअर हब मोटर या चाकात बिनभाराने ताशी २७-२८ किमी देते आणि चढावर तिचा दम टिकतो. ३२८ आरपीएमची मोटर सपाटीला पळते, पण घाटात तिच्या मानाने वेग फार कमी पडतो आणि ती करंट खाऊन नुसती तापते. विकणारा वॅट सांगतो, आरपीएम आपणच विचारायचे. दुसरा परिणाम डिस्प्लेचा. सेटिंगमध्ये २६ इंच ठेवलंत तर डिस्प्ले २५ दाखवेल तेव्हा खरा वेग २८ च्या जवळ असेल. २९ टाका.

चाक घरी विणण्यापेक्षा ८० मिलिमीटर रिमवर विणलेलं तयार घ्या. तरी ते एकदा चांगल्या सायकलवाल्याकडे नेऊन आउट काढून घ्यावं, वाहतुकीत तारा ढिल्या होतात.

सगळ्यात जास्त चुका टॉर्क आर्ममध्ये, म्हणजे एक्सलला फिरू न देणाऱ्या पट्टीत, होतात. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने एक्सल उलटा फिरू पाहतो. त्याला धरून ठेवतात ते एक्सलचे दोन सपाट काप, मधलं अंतर जेमतेम १० मिलिमीटर. चढावर या कापांच्या कडांवर येणारा दाब तीनशे-चारशे किलोच्या घरात जातो. अॅल्युमिनियमचा ड्रॉपआउट हळूहळू उमलतो, एक्सल फिरतो, मोटरची वायर त्याच्याभोवती गुंडाळून तुटते आणि चाक निसटू शकतं. किटसोबत येणारा पातळ कानाचा वायसर एकटा पुरत नाही. ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा आर्म एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या, लांबी किमान १०० मिलिमीटर. खाच एक्सलवर हाताने सरकली पाहिजे, पण हलता कामा नये. अर्धा मिलिमीटर खेळ राहिला तर आर्म लावून उपयोग शून्य. दुसरं टोक चेन-स्टेला (पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) नट-बोल्टने किंवा दणकट जुबिली क्लिपने बांधा. दोन्ही बाजूंना लावला तर उत्तम. ड्रॉपआउटमध्ये एक्सल बसत नसेल तर रंग खरवडा, एक्सलला कानस लावू नका. एक्सलचे नट ४० न्यूटन-मीटरला आवळा, टॉर्क पाना नसेल तर गॅरेजमध्ये पाच मिनिटांचं काम आहे.

पुढच्या फोर्कमध्ये मोटर बसवायचा मोह टाळा. सोपं दिसतं, पण तिथला ड्रॉपआउट तुटला तर थेट तोंडावर.

चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाकून बघा, टायरला घासते का. तीन-चार मिलिमीटर फट हवी. पुढचं चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं २८ चं असेल तर मिनिटाला ६० फेरे मारताना ताशी १० किमी पडतात, घाटाला हे जमून येतं. पुढे ४४ चं असेल तर तोच पाय १३ किमी मागतो आणि गुडघे बोलू लागतात.

बॅटरी घरी वेल्ड करू नका, बीएमएससकट (सेलवर नजर ठेवून जादा चार्ज तोडणाऱ्या सर्किटसकट) तयार पॅक घ्या. ३६ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक म्हणजे १० सेल सिरीजमध्ये, पूर्ण चार्ज ४२ व्होल्ट. लिथियम फॉस्फेटचा पॅक १२ सेलचा, त्याचा चार्जर ४३.८ व्होल्टचा. दोन्हींवर ‘३६ व्होल्ट’ लिहिलेलं असतं आणि पिनही सारखीच असू शकते. ४३.८ चा चार्जर ४२ च्या पॅकला लागला तर आग आणि तुमच्यामध्ये फक्त बीएमएस उरतो. चार्जरचा आउटपुट एकदा मल्टिमीटरने मोजा आणि त्यावर पेंटने आकडा लिहून टाका. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज लावा, कंट्रोलर १५ अँपिअरचा असला की तो पुरतो. घाट चढून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, मगच चार्जिंग. तेही फरशीवर आणि घरातली माणसं जागी असताना.

वायरिंग फार अवघड नाही, कनेक्टरवरचे बाण जुळवायचे आणि सरळ दाबायचं. लक्ष द्यायचं ते पाण्याकडे. मोटरची वायर एक्सलमधून निघाल्यावर आधी खाली झोळी घेऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत हबमध्ये न जाता झोळीतून टपकेल. कंट्रोलरच्या वायरींचं तोंड खाली ठेवा. पॅडल फिरतंय हे कंट्रोलरला कळवणाऱ्या पॅडल सेन्सरची चुंबकं आणि सेन्सर यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं. पॅडल उलटं फिरवल्यावर मोटर सुरू होत असेल तर चुंबकाची चकती उलटी बसली आहे, काढून फिरवा.

ब्रेकला पैसे कमी पडू देऊ नका. वर चढवलेले ते १५० वॅट-अवर उतरताना परत मिळत नाहीत, त्यातले बरेचसे डिस्क गरम करण्यात जातात. पुढे १८० मिलिमीटरची डिस्क आणि तिचा अॅडाप्टर, दोन्ही लिव्हरना मोटर तोडणारा स्विच. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. जळका वास आला तर बाजूला थांबा, डिस्कवर पाणी मात्र ओतू नका.

डांबरावर हवा १५ ते २० पीएसआय, कच्च्या वाटेवर १० ते १२. मोटरच्या ओढीने कमी हवेचा टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह बुडाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरपा दिसला की समजा हेच चाललं आहे. नेहमीच्या पंपाच्या काट्यावर इतकी कमी हवा नीट कळत नाही, ० ते ३० पीएसआयचा गेज घ्या.

घाटात वेग ताशी १० च्या खाली रेंगाळू देऊ नका. गिअर आधीच हलका करा, थांबून निघताना पहिला रेटा पायांनी द्या, थ्रॉटल (हँडलवरचा ॲक्सिलरेटर) मागाहून. अर्ध्यात थांबून हबवर तळहात ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर पंधरा मिनिटं बसा. बाहेरून एवढी तापलेली मोटर आत त्याहून कितीतरी गरम असते आणि तिच्यातले नायलॉनचे गिअर मऊ पडतात. एकसुरी गुणगुण जाऊन करकर ऐकू आली तर दाते गेले. कास पठारावर पोचलात तरी सायकल डांबरावरच राहू द्या. जांभ्यावरच्या बोटभर मातीत ती फुलं उगवतात, चार इंची टायरचा पट्टा तिथे राहून जातो.

रानातल्या वाटांचं वेगळं. रुंद टायर वाळूवर तरंगतो, पण कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर त्याचा काही इलाज चालत नाही. उसाच्या बांधावर पाऊस पडून गेला की माती टायर आणि चेन-स्टेच्या फटीत थापली जाते आणि चाक जाम होतं. अशा वेळी थ्रॉटल पिळाल तर कंट्रोलर जाईल. उतरा, काडीने माती काढा, ढकलत डांबरावर या. घरी आल्यावर बादली आणि कुंच्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा फवारा एक्सलच्या तोंडावर मारला तर पाणी थेट मोटरच्या आत तिची स्थिती ओळखणाऱ्या हॉल सेन्सरपर्यंत जातं आणि दुसऱ्या दिवशी मोटर जागेवरच थरथरते.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर एक्सलचे नट, टॉर्क आर्मचा बोल्ट आणि ब्रेकचे कॅलिपर पुन्हा आवळा. नटावरून फ्रेमपर्यंत पेंटची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर चाक काढून ड्रॉपआउटची खाच तपासल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका.