क्लबमधल्या सोबत्याचा पीसी दुरुस्त करताना: माउस त्याच्याच हातात राहू द्या

"माझा कॉम्प्युटर बिघडलाय." क्लबच्या बैठकीत हे वाक्य पडलं की दोघं-तिघं लगेच खुर्च्या सरकवून पुढे येतात. एक जण माउस घेतो, दुसरा म्हणतो "आधी अँटीव्हायरस काढ", तिसरा म्हणतो "फॉरमॅट मारून टाक, कटकटच नको." अर्ध्या तासात पीसी सुरू होतोही. पण नेमकं काय झालं होतं ते मालकाला कळलेलं नसतं. दुरुस्त करणाऱ्यांनाही बहुतेक वेळा सांगता येत नाही, कारण तिघांनी मिळून सहा गोष्टी बदललेल्या असतात.

मदत करायची हौस चांगलीच आहे. तिला थोडी शिस्त लावली तर तोच अर्धा तास सगळ्यांच्या उपयोगी पडतो. त्यासाठी आमच्या क्लबात एकच नियम काटेकोरपणे पाळतो: ज्याचा पीसी, त्याच्याच हातात माउस. मदत करणाऱ्याने शेजारी बसायचं, तोंडाने सांगायचं आणि वाट पाहायची. क्लिक शोधायला समोरच्याला वेळ लागतो, तेव्हा हात शिवशिवतात, पण तो वेळ द्यायलाच हवा. घरी पुन्हा तेच झालं तर वाट त्याच्या हाताला माहीत असते.

१. अडचण लिहून आणा

ही तयारी अडचण असलेल्याने घरीच करायची. "चालत नाही" याचा अर्थ पॉवर येत नाही, स्क्रीन काळी राहते, विंडोज उघडून हँग होतं की फक्त एक प्रोग्राम उघडत नाही? या चार तक्रारींच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत. स्क्रीनवर आलेला मेसेज शब्दशः उतरवा किंवा मोबाइलने फोटो काढा. विंडोज चालू असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकत्र दाबली की हवा तेवढाच भाग निवडून स्क्रीनशॉट घेता येतो. "काहीतरी एरर आली होती, मी ओके केलं" यातून कुणालाच काही काढता येत नाही.

डेस्कटॉप आणायचा असेल तर नुसता कॅबिनेट आणि त्याची पॉवर केबल पुरते. मॉनिटर, कीबोर्ड क्लबात असतोच. केबली काढण्यापूर्वी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, परत जोडताना तो फार कामी येतो. लॅपटॉप असेल तर चार्जर विसरू नका. वाय-फाय किंवा प्रिंटरची तक्रार मात्र क्लबात आणून उपयोग नाही. ती त्या घरातली, त्या राउटरची असते. इथे सगळं छान चालतं आणि माणूस गोंधळून घरी जातो.

२. आधी ऐका, मग विचारा

आमच्यातल्या एका काकूंची तक्रार होती, "इंटरनेट बिघडलंय." कोणतीही साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येत होता. दोघांनी लगेच व्हायरस ठरवून टाकला. तिसऱ्याने विचारलं, "त्याच वाय-फायवर मोबाइल चालतोय का?" चालत होता. म्हणजे नेट ठीक होतं. पुढचा प्रश्न होता, "शेवटचा नीट कधी चालला होता?"

"आठ दिवसांपूर्वी छान चालत होता. मग आम्ही बाहेरगावी गेलो. जाताना मी भिंतीवरची सगळी बटणं बंद करून गेले."

इथे कोडं सुटलं. स्क्रीनच्या खाली उजवीकडे पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं जुनी दिसत होती. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. पीसीचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर गेलं की ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. मदरबोर्डवर (कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किट बोर्डवर) नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२, ३ व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत पीसी बंद असला तरी घड्याळाला वीज मिळत राहते, म्हणून संपत आलेला सेल महिनोन् महिने लक्षातच येत नाही. बटण बंद झालं की सगळी भिस्त त्या सेलवर.

सेल काकूंनी स्वतःच्या हाताने बदलला. बाजूची बारीक क्लिप नखाने मागे ढकलली, जुना सेल टपकन वर आला, नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवली. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, पीसीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन तारीख आणि वेळ भरली. सेल काढल्यावर बायोसच्या बाकीच्या सेटिंगही मूळ पदावर येऊ शकतात, त्यामुळे पीसी कुठल्या डिस्कवरून सुरू होतो तेही तिथेच पाहून घेतलं.

विचारायचे प्रश्न तसे थोडेच आहेत. शेवटचा नीट कधी चालला? त्यानंतर काय बदललं: अपडेट, नवा प्रोग्राम, नवं उपकरण, जागा, वीज? दर वेळी होतं की कधीमधी? दुसऱ्या उपकरणावरही तेच होतं का? विचारताना आवाजात आरोप नको. "तुम्ही काय केलंत?" असं विचारलं की माणूस "काहीच नाही" म्हणतो आणि नेमका धागा हातचा जातो.

३. काहीही बदलण्याआधी बॅकअप

"बॅकअप आहे ना?" एवढ्यावर समाधान मानू नका. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावून त्यातले दोन-तीन फोटो खरोखर उघडून पाहा. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली याच परत मिळत नाहीत. विंडोज पुन्हा टाकता येतं.

हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर तिच्यावर तपासणीचे प्रोग्राम चालवत बसू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्तीची कमांड चालवणं म्हणजे तिच्याकडून शेवटची धाप लागेपर्यंत काम करून घेणं. आधी महत्त्वाचं तेवढं कॉपी करा. कॉपीही होत नसेल आणि डेटा मोलाचा असेल, तर पीसी बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे पाठवा.

हल्लीच्या लॅपटॉपवर डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. बायोसमध्ये फेरफार केला किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. हात लावण्याआधी ती सापडते का ते पाहा आणि कागदावर उतरवून घ्या.

४. एका वेळी एकच बदल

सुरुवात रीस्टार्टपासून करा, आणि इथे बारीक फरक आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर सिस्टिमचा काही भाग डिस्कवर तसाच साठवला जातो आणि पुढच्या वेळी उचलला जातो. रोज रात्री पीसी बंद करणाऱ्याचंही विंडोज कित्येक दिवस खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेलं नसतं. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप), 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर जा आणि 'अप टाइम' पाहा. तिथे बारा-पंधरा दिवस दिसले की मालकच चकित होतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं.

'स्लो चालतोय' या तक्रारीचं उत्तरही टास्क मॅनेजरमध्येच मिळतं. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली आहे, मेमरी भरली आहे की सीपीयू? जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्क शंभरावर राहते. तिथे एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. 'स्टार्टअप'च्या यादीतले नको ते प्रोग्राम बंद करता येतात. एकेक बंद करा, रीस्टार्ट करा, पाहा.

पीसी मधूनच बंद पडत असेल तर स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी'मध्ये दिवसांनुसार लाल खुणा दिसतात; त्रास कधी सुरू झाला आणि त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं ते शेजारी-शेजारी वाचता येतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला 'कर्नल पॉवर ४१' पाहून बरेच जण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की पीसी रीतसर बंद न होता बंद पडला. कारण वीज, उष्णता, रॅम (मेमरीची पट्टी), ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) यांपैकी काहीही असू शकतं.

बदल केला आणि फरक पडला नाही तर तो आधी पूर्ववत करा, मगच पुढचा.

५. कॅबिनेट उघडताना

भिंतीवरचं बटण बंद, केबल बाहेर, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पीसी चालू होतो पण स्क्रीनवर काहीच येत नाही, अशा वेळी रॅम काढून पुन्हा घट्ट बसवणं हा पहिला उपाय. दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज यायला हवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही, त्यातले कपॅसिटर केबल काढल्यावरही वीज धरून असतात.

६. लांबून मदत

वाय-फाय, प्रिंटर आणि सेटिंगच्या तक्रारींसाठी पीसीला नेट मिळत असेल तर विंडोजमधलं 'क्विक असिस्ट' पुरतं. मदत करणारा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत जाऊन कोड तयार करतो, समोरचा तो टाकून स्क्रीन दाखवायला परवानगी देतो. त्याआधी बँकेची पानं आणि खासगी मेल बंद करायला सांगा. पासवर्ड मालकानेच टाइप करायचा, तो विचारायचा नाही आणि लिहूनही घ्यायचा नाही.

एक गोष्ट सगळ्या सभासदांच्या मनावर ठसवायलाच हवी. मदतीसाठीचा फोन नेहमी मदत हवी असलेल्याने करायचा. "तुमच्या पीसीत व्हायरस आहे, कोड टाका" असा फोन समोरून आला तर तो कुणाच्याही नावाने असो, ठेवून द्या. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझरमध्ये मोठ्या आवाजात ओरडणारं, नंबर दाखवणारं पान आलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. घाबरून नंबर फिरवलेल्या सभासदाला कुणी हसू नये. पुढच्या वेळी तो लाजेने गप्प बसेल आणि पैसे गेल्यावर सांगेल.

७. वही

सभासद, मशीन, तक्रार त्याच्याच शब्दांत, काय काय करून पाहिलं, कशाने सुटलं. पाच ओळी पुरतात. न सुटलेल्या तक्रारीही लिहा. त्या वाचूनच पुढचा माणूस तीच वाट पुन्हा तुडवत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आमच्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता: माझ्या पीसीवर विंडोज ११ चालेल का? टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का, मेमरी किमान ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी आहे का, हे तपासायचा क्रम वहीत एकदा लिहून ठेवला आणि प्रत्येकाने तो स्वतः पाहिला.

दुरुस्तीनंतर दोन आठवड्यांनी फोन करून विचारा, पुन्हा तसं झालं का? कधीमधी होणारा बिघाड त्या दिवशी गप्प बसला म्हणजे गेला असं नव्हे. मालक "नाही झालं" म्हणेपर्यंत वहीतल्या त्या नोंदीपुढे बरोबरची खूण करू नका.