बुलेटचं चेनकेस कव्हर: वॉटर पेपरपासून बफपर्यंत

माझ्या जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायाला आहे. त्यामुळे डावीकडच्या चेनकेस कव्हरवर, म्हणजे इंजिनपासून क्लचकडे जाणाऱ्या चेनवरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर, वर्षानुवर्षं बूट घासून तळहाताएवढा पांढुरका पट्टा पडला होता. पहिल्या खेपेला मी कव्हर नुसतं धुतलं आणि थेट बफला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला लावलं. चमकलं छान, पण उन्हात तिरकं धरलं तर सगळे चरे चमकीच्या आतून दिसत होते. सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. चरे वॉटर पेपरनेच, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरनेच घालवायचे असतात. बफ फक्त शेवटचा हात फिरवतो.

हे कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं. फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला करा आणि नट सैल करण्याआधी खाली ट्रे ठेवा, आत तेल असतं. इतर कव्हरांचे स्क्रू अडकले असतील तर जोर लावू नका. आजूबाजूचं ॲल्युमिनियम हीट गनने तापवा. ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकला की फिरणारा स्क्रू ड्रायव्हर) वापरा. पण तापवण्याआधी तिथलं तेल, पेट्रोल पुसून घ्या.

धुताना केरोसीन किंवा डीग्रीझर वापरा. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही नको, तो ॲल्युमिनियम खातो आणि पृष्ठभाग काळा पाडतो. जुनी लॅकर (वरचा पारदर्शक थर) पिवळी पडून सुटत असेल तर आधी पेंट रिमूव्हरने काढा, नाहीतर कागद लगेच भरतो.

आता खरं काम. खोल ओरखडा असेल तर बारीक कानस घ्या आणि तिच्या दातांवर खडू घासा. ॲल्युमिनियमचे कण अडकून नवे ओरखडे पडत नाहीत. मग वॉटर पेपर ३२०, ४००, ६००, ८००, १०००; नंबर मोठा तसा कागद बारीक. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. ३२० आडवा चालवला तर ४०० उभा चालवा. आडव्या रेषा पूर्ण गेल्या की पुढचा नंबर. शंका आली तर कव्हर कोरडं पुसून खिडकीशी न्या. ओलं असताना सगळंच गुळगुळीत दिसतं. नंबर बदलताना हात, बादली, कव्हर सगळं धुवा. ३२०चा एक कण ८००मध्ये आला तरी तासाभराचं काम वाया जातं. मी या एका कव्हरला अख्खा रविवार देतो, आणि तो कमी वाटतो.

बफिंगला आधी सिसल (काथ्यासारख्या कडक धाग्याचं) व्हील आणि तपकिरी ट्रिपोली, नंतर मऊ सुती व्हील आणि पांढरा साबण. इथे साबण म्हणजे व्हीलला लावायची पॉलिशची वडी; ट्रिपोली त्यातलीच, जरा खरखरीत. प्रत्येक साबणाला वेगळं व्हील. वस्तू व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली धरा. वरची कड व्हीलसमोर आली तर ते वस्तू हातातून हिसकावून घेतं. चष्मा, मास्क हवेतच; हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. ॲल्युमिनियमचा भुगा पेट घेऊ शकतो, म्हणून ग्राइंडरच्या ठिणग्या त्याच्यापासून लांब ठेवा. कडा आणि उठावाची अक्षरं यांवर व्हील टेकवून ठेवू नका. ती एकदा गोलावली की परत येत नाहीत, आणि अक्षरं गेलेलं कव्हर मला बघवत नाही.

गॅस्केट बसते ती कड बफला अजिबात लावू नका, तेल गळेल. इंजिन नंबरलाही हात नको. क्रँककेस (इंजिनचा खालचा मुख्य सांगाडा) ओतीव आणि खडबडीतच शोभतो, कारखान्यातून तसाच आला होता. त्यावर वाळू किंवा काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करून घ्यायचं असेल तर इंजिन पूर्ण खोला, आणि नंतर तेलाची प्रत्येक वाट धुवून फुंकून बघा. एक मणी राहिला तरी बेअरिंगची वाट लागते.

शेवटी मैदा किंवा टाल्कम पावडर भुरभुरून सुती कापडाने पुसा, उरलेला साबण निघतो. मग मेणाचा पातळ हात. लॅकर मी लावत नाही. दगड लागून तिला टवका गेला की पाणी आत शिरतं आणि खालून पांढऱ्या रेषा धावतात. मेण महिन्यातून एकदा लावलं की पुरतं.