‘व्हॅलिड टिल’ लिहिताय? मुदतीच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की गोव्यात घरोघरी इंग्रजी लिहावं लागतं. खोल्या भाड्याने देणारे, रेंट-अ-बाइकवाले, बेबिंका (थरांची गोवन मिठाई) आणि काजू पॅक करून विकणारे, सगळ्यांनाच. पाहुणा रशियन असो की बंगळूरूचा, पाटी आणि व्हॉट्सअॅप इंग्रजीतच. त्यात व्याकरण थोडं चुकलं तर कुणाचं काही अडत नाही. पण पैसे कधी भरायचे, खोली कधी सोडायची, कूपन कधी संपतं, हे धड कळलं नाही तर काउंटरवर भांडण ठरलेलं.

घोळाचं मूळ आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘शुक्रवारपर्यंत पैसे भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत खोली तुमचीच’, दोन्हीकडे आपण तोच शब्द वापरतो. इंग्रजीत इथे दोन वाटा फुटतात. काम एकदाच करायचं आहे आणि त्या दिवसापर्यंत केव्हाही चालेल, तर ‘बाय’. एखादी गोष्ट तोवर चालूच राहणार आहे, तर ‘अंटिल’ किंवा ‘टिल’. ‘प्लीज पे अंटिल फ्रायडे’ वाचून पाहुण्याला वाटतं, शुक्रवार उजाडेस्तोवर रोज पैसे मोजायचे की काय! उलट ‘द रूम इज युवर्स बाय फ्रायडे’ म्हणजे खोली शुक्रवारपर्यंत केव्हातरी त्याच्या ताब्यात येणार. नकार आला की आणखी गंमत: ‘डोन्ट पे अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी पैसे देऊच नका.

दुसरा प्रश्न, शेवटचा दिवस धरायचा की नाही? ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार सहसा धरतात, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये नाही. ‘व्हॅलिड टिल 31 मे’वर मात्र दोघे दोन अर्थ काढतात. सरकारी भाषेवर आपण कितीही हसलो तरी इथे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते. तिच्या आदेशात 1 जून ते 31 जुलै या तारखांपुढे ‘बोथ डेज इन्क्लुझिव्ह’ असं स्पष्ट लिहितात. जूनचे 30 आणि जुलैचे 31 मिळून 61 दिवस. ते तीन शब्द उगाच नाहीत. कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते सांगणाऱ्या 1897च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम 9 प्रमाणे केंद्रीय कायद्यांत नुसता ‘फ्रॉम’ आला तर पहिला दिवस वगळतात आणि ‘टु’ आला तर शेवटचा धरतात. पाहुणा काही हे कलम वाचून आलेला नसतो. म्हणून कूपनवर सरळ ‘लास्ट डे टु यूज: 31 मे’ लिहा, वाद मिटला.

‘विदिन 7 डेज’ लिहिताना सात दिवस कशापासून मोजायचे, तेच बहुतेकांकडून राहून जातं. बुकिंगपासून, बिल मिळाल्यापासून की मेसेज वाचल्यापासून? ‘विदिन 7 डेज ऑफ बुकिंग’ लिहा. त्यात ‘वर्किंग डेज’ घातलेत तर शनिवारचा प्रश्न उभा राहतो. बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. आणि ‘इन 7 डेज’ला ‘विदिन’ समजू नका. ‘आय विल पे इन 7 डेज’ म्हणणारा माणूस साधारण आठवड्याने येणार आहे, उद्या नाही.

‘युवर व्हॅलिडिटी इज एक्स्पायर्ड’ तर सर्रास दिसतं. संपतो तो पास किंवा व्हाउचर, म्हणून ‘युवर पास हॅज एक्स्पायर्ड’. पुढची तारीख सांगायची असेल तर ‘विल बी एक्स्पायर्ड ऑन’ नको, ‘एक्स्पायर्स ऑन’ पुरे. घाईत ‘यू आर एक्स्पायर्ड’ मात्र पाठवू नका. आपल्याकडच्या इंग्रजीत माणूस एक्स्पायर झाला म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘लास्ट डेट’ला काही जण नाकं मुरडतात आणि ‘डेडलाइन’ लिहा म्हणतात. मला त्यात वावगं दिसत नाही. पंचायतीच्या नोटिशीपासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सगळ्यांना ते कळतं.

खाण्याच्या पाकिटावर मात्र शब्द जपून वापरा. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. ती उलटली की पदार्थ लगेच टाकाऊ होतो असं नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटली तर खायचं नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग नियमांत उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी/यूज बाय’ बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. त्यामुळे बेबिंकाच्या डब्यावर ‘बेस्ट बिफोर’ एकटंच छापून भागणार नाही. ‘7 डेज फ्रॉम पॅकिंग’ लिहून गिऱ्हाइकाला बोटं मोजायला लावण्यापेक्षा तारीखच छापा.

तारीख लिहिताना महिना अक्षरात हवा. 06/05 ही आपली 6 मे, अमेरिकन पाहुण्याची 5 जून. वेळेच्या बाबतीत ‘12 एएम’ आणि ‘12 पीएम’ दोन्ही टाळा. दुपारला ‘12 नून’ आणि रात्रीला ‘11:59 पीएम’ लिहिलं की शनिवारची मध्यरात्र कुठली, हा प्रश्न उरत नाही. ‘फ्री कॅन्सलेशन अपटु 48 अवर्स’ हेही अर्धवटच. चेक-इन 7 डिसेंबरला दुपारी 2 वाजता असेल तर हिशेब तुम्हीच करा आणि ‘फ्री कॅन्सलेशन अंटिल 2 पीएम, 5 डिसेंबर’ असं लिहून टाका.

आता हा नेहमीच्या धाटणीचा मेसेज बघा: ‘काइंडली पे बॅलन्स अमाउंट टिल 03/12, अदरवाइज बुकिंग विल बी एक्स्पायर्ड.’ त्याऐवजी हा पाठवा: ‘प्लीज पे द बॅलन्स बाय 6 पीएम इंडियन टाइम ऑन 3 डिसेंबर. आफ्टर दॅट, वी विल रिलीज द रूम.’ ‘इंडियन टाइम’ हे दोन शब्द लंडनहून बुकिंग करणाऱ्यासाठी. हिवाळ्यात त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं.