फ्लेक्समधला फोटो परत मोठा करताना फाटू नये म्हणून

कोल्हापुरात तालमीचा फ्लेक्स म्हणजे २०-२५ चेहरे. एखादा फोटो लहान करून बसवला की निरोप येतोच, "भावा, तेवढा फोटो मोठा कर की!" मोठा केला की फाटतो, म्हणजे धूसर, चौकटी-चौकटी दिसतो, कारण लहान करतानाच त्याचे पिक्सेल गेलेले असतात.

फोटोशॉपमध्ये एवढं करा:

१. फोटो लहान करण्याआधीच लेयरच्या नावावर राइट क्लिक करा.
२. ‘कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट’ निवडा. यात मूळ फोटो आत जसाच्या तसा जपला जातो.
३. आता कंट्रोल-टी दाबून कितीही वेळा लहान-मोठा करा.

मूळ मापापलीकडे ताणला तर मात्र फाटणारच. आणि या लेयरवर खोडरबर चालत नाही. पार्श्वभूमी काढायला लेयर मास्क लावा, तो भाग खोडत नाही, फक्त झाकतो. मला तोच जास्त आवडतो, चुकून कापलेले केस परत आणता येतात.