सिग्नलिंग शिकताना मी कुठं अडलो

खानापूरला मराठी माध्यमात दहावी करून बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सला आलो. मॉड्युलेशनपर्यंतचं तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय.

बंगळुरात टेलिकॉमच्या पहिल्या मुलाखतीत विचारलं, "सिग्नलिंग म्हणजे काय?" मी दहा मिनिटं अॅम्प्लिट्यूड, नॉईज, रेंज सांगत बसलो. नोकरी हुकली. माझ्या वहीत सिग्नल आणि सिग्नलिंग दोन्हींपुढं 'संकेत' एवढंच लिहिलेलं. टेलिफोनीत आवाज वाहून नेणं हे एक काम. कॉल जुळवणं, घंटी वाजवणं, कॉल सोडवणं हे दुसरं. या दुसऱ्याला सिग्नलिंग म्हणतात. एसएस७ मध्ये, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजांच्या आपसातल्या सिग्नलिंगच्या नियमसंचात, त्याची वाटच आवाजापासून वेगळी. तुम्ही मिस्ड कॉल देता तेव्हा एक शब्दही बोलणं होत नाही, तरी सिग्नलिंग पुरं झालेलं असतं. साधा एसएमएसही त्याच वाटेनं जातो, आणि त्या वाटेवरचे निरोप छोटेच असतात, म्हणून तो १६० अक्षरांचा. मराठीत लिहिला तर ७०, कारण मराठी अक्षराला जागा जास्त लागते. हा परिच्छेद पुन्हा वाचा. माझं वर्ष इथंच गेलं.

झेरॉक्स नोट्सवर माझा राग आहे. त्यांत व्याख्या मिळते, प्रसंग मिळत नाही. मला प्रसंग मिळाला बेळगावातल्या टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर. तिथं भेटलेले एक निवृत्त गेटमन काका म्हणाले, "दिवा विझला तरी ड्रायव्हरनं लालच समजायला पायजे बघ." इंटरलॉक गेट, म्हणजे सिग्नलशी जोडलेलं फाटक, बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. म्हणजे रेल्वेत संकेत नसणं हाही हुकूमच: थांब.

तेव्हापासून नवं क्षेत्र आलं की मी आधी विचारतो, संकेत आलाच नाही तर काय होतं? जीवशास्त्रात शेजारच्या पेशींकडून जगण्याचा संकेत आला नाही, तर प्राण्यांच्या शरीरातल्या बऱ्याच पेशी स्वतःच मरतात.

अर्थशास्त्रात प्रश्न थोडा बदलावा लागतो: हा संकेत खोटा द्यायला किती महाग? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं, २००१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पदवी मालकाला काही सांगते, कारण कमी कुवतीच्या माणसाला ती मिळवणं जास्त जड जातं. म्हणून स्पष्ट सांगतो, दोन दिवसांत कुणालाही मिळणाऱ्या सर्टिफिकेटांवर आईबापाचे पैसे घालू नका. इंग्रजी अडखळतं म्हणून मात्र खचू नका, ते सहा महिन्यांत सुटतं. माझं सुटलं.

पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. मी आधी विचारलं, "कुठलं सर, टेलिफोनीतलं की रेल्वेतलं?" आणि मग बोलायला लागलो.