केंद्रीय तपास यंत्रणा आणि सुरक्षा दलांत जाण्याची तयारी शाळेच्या वयापासून कशी करावी

सीबीआय, एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा), ईडी (अंमलबजावणी संचालनालय), अमली पदार्थ नियंत्रण विभाग किंवा सीआरपीएफ (केंद्रीय राखीव पोलीस दल), यांपैकी कुठेही अठरा वर्षांखालील मुलाला अर्ज करता येत नाही, आणि बहुतेक अधिकारी पदांसाठी पदवी लागते. त्यामुळे अनेक घरांत हा विषय पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत काढलाच जात नाही. परीक्षेचा अभ्यास त्या वेळी सुरू करूनही जमतो. पण शरीराचा पाया, इंग्रजी-हिंदीवरची पकड, निष्कलंक चारित्र्य आणि बिनचूक कागदपत्रे या गोष्टी ऐनवेळी उभ्या करता येत नाहीत. तेरा ते अठरा या वयात लक्ष द्यायचे ते याच गोष्टींकडे.

पायरी १ : कोणती यंत्रणा काय करते, हे आधी समजून घ्यावे

आपल्या राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. केंद्राच्या यंत्रणा ठरावीक कायद्यांखाली आणि ठरावीक मर्यादेत काम करतात. सीबीआयची स्थापना १ एप्रिल १९६३ रोजी झाली, पण तिचे अधिकार १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून येतात आणि त्या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार एखाद्या राज्यात तपास करण्यासाठी सीबीआयला त्या राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती २०२० मध्ये काढून घेतली होती आणि २०२२ मध्ये पुन्हा दिली. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर संसदेने कायदा करून एनआयए स्थापन केली. त्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवाद्यांशी लढताना जखमी झालेले महाराष्ट्र केडरचे अधिकारी सदानंद दाते २०२४ मध्ये याच यंत्रणेचे महासंचालक झाले. ईडीचे मुख्य काम आर्थिक गुन्ह्यांच्या तपासाचे आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे काम तस्करी रोखण्याचे आहे. इंटेलिजन्स ब्युरो माहिती गोळा करते, तिला अटकेचा अधिकार नाही. सीआरपीएफ, बीएसएफ (सीमा सुरक्षा दल), सीआयएसएफ (औद्योगिक सुरक्षा दल), आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) आणि एसएसबी (सशस्त्र सीमा बल) ही गणवेशातील सशस्त्र दले आहेत आणि तिथले आयुष्य तपास अधिकाऱ्याच्या आयुष्यापेक्षा फार वेगळे असते.

हा फरक विद्यार्थ्याने स्वतः समजून घ्यावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण पडद्यावर दिसणारा तपास आणि प्रत्यक्षातला तपास यांत मोठे अंतर आहे. ईडी किंवा सीबीआयच्या अधिकाऱ्याचा बराच वेळ बँकेचे उतारे, करारपत्रे आणि जबाब वाचण्यात जातो. ज्याला हे काम रूक्ष वाटते, त्याने सशस्त्र दलांचा विचार करावा, आणि ज्याला वर्षानुवर्षे घरापासून दूर राहणे अशक्य वाटते, त्याने उलट विचार करावा.

पायरी २ : प्रवेशाची दारे आणि वयोमर्यादा टिपून ठेवावी

दहावीनंतरचे सर्वांत रुळलेले दार म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल भरती, म्हणजे या सशस्त्र दलांतील शिपाई पदाची भरती; तिची वयोमर्यादा १८ ते २३ आहे. इंटेलिजन्स ब्युरोमधील सिक्युरिटी असिस्टंट हे पदही दहावीवर भरले जाते आणि तिथे स्थानिक भाषेचे ज्ञान मागितले जाते, म्हणजे मराठी येणे ही तिथे पात्रता ठरते. पदवीनंतर दलांतील उपनिरीक्षक पदाची परीक्षा २० ते २५ या वयात, आणि यूपीएससीमार्फत असिस्टंट कमांडंट या दलांतील अधिकारी पदाची परीक्षाही त्याच वयात देता येते. सीबीआय व एनआयएमधील उपनिरीक्षक आणि ईडीमधील सहायक अंमलबजावणी अधिकारी ही पदे कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल (पदवीधरांसाठीच्या एकत्रित) परीक्षेतून भरली जातात व त्यांची कमाल मर्यादा साधारण ३० आहे. यंत्रणांतील वरिष्ठ पदांवर बहुधा प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ सेवेतून ठरावीक काळासाठी, आलेले आयपीएस अधिकारी असतात. त्यासाठी २१ ते ३२ या वयात नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत या भरत्यांत मिळते.

पायरी ३ : शरीराची तयारी सावकाश पण न चुकता करावी

लक्ष्य कोणते आहे ते आकड्यांत पाहावे. जीडी भरतीत मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत आणि मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत धावावे लागते. उपनिरीक्षक पदासाठी मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, १०० मीटर १६ सेकंदांत, शिवाय लांब उडी ३.६५ मीटर आणि उंच उडी १.२ मीटर, अशी चाचणी असते. साडेसहा मिनिटांत १.६ किलोमीटर म्हणजे किलोमीटरमागे चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ. हा वेग दोन महिन्यांच्या क्लासमध्ये क्वचितच येतो, पण नववीपासून नियमित धावणाऱ्या मुलाला तो सहज साधतो.

वाढत्या वयात रोज जोर लावून धावू नये. आठवड्यातून तीन-चार दिवस, शक्यतो मातीच्या मैदानावर, बोलता येईल इतक्या संथ गतीने धावून आधी अंतर वाढवावे, वेगाकडे नंतर वळावे. उरलेल्या दिवशी खो-खो, कबड्डी, फुटबॉल किंवा पोहणे उत्तम. जोर, बैठका आणि पुल-अप्स यांची जोड द्यावी. नडगी किंवा गुडघा सतत दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मैदानी चाचणीच्या आधी वेदनाशामक किंवा ताकदीची इंजेक्शने घेण्याचा सल्ला देणाऱ्या कोणाचेही ऐकू नये, मग तो स्वतःला प्रशिक्षक म्हणवत असला तरी.

वैद्यकीय निकष मात्र आजच तपासून घ्यावेत. जीडी आणि उपनिरीक्षक भरतीत चष्म्याशिवाय एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. रंगांधळेपणा, सपाट तळवे, चालताना एकमेकांना लागणारे गुडघे आणि तिरळेपणा यांमुळे उमेदवार बाद होतात. असिस्टंट कमांडंट पदासाठी चष्म्याला ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा आहे. चष्मा असलेल्या मुलाने निराश होण्याचे कारण नाही, पण कोणते दार आपल्यासाठी उघडे आहे हे त्याला पंधराव्या वर्षी कळले तर पुढची पाच वर्षे चुकीच्या दिशेने जात नाहीत. जीडी भरतीत उंची मुलांसाठी १७० आणि मुलींसाठी १५७ सेंटिमीटर असली, तरी मराठा उमेदवारांना अनुक्रमे १६५ आणि १५५, तर अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना १६२.५ आणि १५० इतकी सवलत आहे. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. गोंदवून घेण्याची हौस असेल तर ती आवरावी. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण ते डाव्या हाताच्या आतील बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान असावे लागते. सलामीच्या उजव्या हातावर मोठा टॅटू असेल तर वैद्यकीय तपासणीत अडचण येते.

पायरी ४ : शाळेतच एनसीसीत नाव घालावे

शाळेत एनसीसीचे युनिट असेल तर आठवी-नववीत भरती व्हावे आणि कॉलेजमध्येही ते चालू ठेवावे. कवायत, नकाशावाचन आणि फायरिंगचा सराव यांखेरीज प्रत्यक्ष गुणांचा लाभ आहे: जीडी परीक्षेत एकूण गुणांच्या हिशेबाने ‘सी’ प्रमाणपत्राला ५ टक्के, ‘बी’ला ३ आणि ‘ए’ला २ टक्के बोनस मिळतो, आणि असिस्टंट कमांडंटच्या निवडीत ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र मुलाखतीच्या टप्प्यावर विचारात घेतले जाते. युनिट नसेल तर स्काउट-गाइड, ट्रेकिंग किंवा कोणताही सांघिक खेळ चालेल, मात्र त्याला बोनस गुण नाहीत.

पायरी ५ : भाषेचा अडथळा वेळीच दूर करावा

जीडी कॉन्स्टेबलची परीक्षा २०२४ पासून मराठी आणि कोकणीतही देता येते, ही आपल्याकडील ग्रामीण मुलांसाठी मोठी सोय आहे. यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीतून लिहिता येते. सीजीएल मात्र केवळ हिंदी आणि इंग्रजीत होते, आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिल्या पेपरात गणिताचे ३० प्रश्न असतात तर इंग्रजीचे ४५. मराठी माध्यमातील हुशार मुले इथे गणितामुळे नव्हे, तर इंग्रजीमुळे मागे पडतात. आठवीपासून रोज अर्धा तास इंग्रजी बातमी मोठ्याने वाचावी, अडलेले शब्द वाक्यासकट वहीत उतरवावेत आणि आठवड्यातून एकदा, पाहिलेल्या एखाद्या घटनेचे वर्णन, कोण, कुठे, केव्हा, कसे या क्रमाने, स्वतःचे मत न मिसळता एका पानात लिहावे. जबाब आणि अहवाल असेच लिहिले जातात.

शाखा कोणती घ्यावी याचा ताण घेऊ नये, कारण या बहुतेक पदांना कोणतीही पदवी चालते. तरीही आर्थिक तपासाची ओढ असेल तर वाणिज्य, सायबर गुन्ह्यांची असेल तर संगणकशास्त्र उपयोगी पडते. न्यायवैद्यक शास्त्राचे शिक्षण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्थांत, तसेच गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात मिळते. त्या विद्यापीठाचे एक संकुल गोव्यातही आहे. कायद्याचे वाचन सुरू करायचे असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेपासून करावे. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे पाठ केलेली वही आता उपयोगाची नाही.

पायरी ६ : पोलीस पडताळणीचा विचार आजपासून ठेवावा

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. मारामारी, परवाना नसताना गाडी चालवणे किंवा कोणाची बदनामी करणारा मजकूर पुढे पाठवणे, अशा गोष्टींतून गुन्हा नोंद होऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडलेच, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचे २४ वे कलम त्याला संरक्षण देते आणि त्या दोषसिद्धीमुळे तो अपात्र ठरत नाही. मात्र सोळा वर्षांवरील मुलावर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला तर हे संरक्षण राहत नाही. अठरानंतरच्या प्रकरणांत लपवाछपवी सर्वांत घातक ठरते. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पडताळणी फॉर्ममधील माहिती खरीच हवी. कोवळ्या वयातील घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक बाबीकडे नियुक्ती करणारा दुर्लक्ष करू शकतो, परंतु तो त्याचा निर्णय असतो. म्हणून फॉर्ममध्ये विचारलेले सर्व काही लिहावे.

पायरी ७ : कागदपत्रे दहावीतच जुळवावीत

भरतीत जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून धरली जाते. त्यावर, आधारवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे पाहावे. चूक असल्यास बोर्डाकडून दुरुस्तीला बराच काळ लागतो. जीडीच्या जागा राज्यनिहाय असल्याने अधिवास प्रमाणपत्र लागते. ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात स्वतंत्रपणे काढावे लागते, कारण राज्याची आणि केंद्राची यादी एक नाही. राज्यातील एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रमाणपत्र केंद्रीय भरतीत चालत नाही, तिथे पात्र असल्यास आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे. दरवर्षीची जाहिरात कर्मचारी निवड आयोगाच्या आणि यूपीएससीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच वाचावी, कारण निकष बदलतात. पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला थारा देऊ नये, आणि त्याने ऑनलाइन पैसे घेतले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.